गाव सोडलेल्यांची गाणी, आणि मागे राहिलेल्यांची

ढेबेवाडीकर | ३ ऑगस्ट, रात्री ९:१५

परवा १ ऑगस्टला आमच्या मागच्या रस्त्यावरून अण्णाभाऊ साठ्यांच्या जयंतीची मिरवणूक गेली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर स्पीकरची भिंत, वर गरगर फिरणारे दिवे, आणि गाणं लागलेलं 'माझी मैना गावावर राहिली'. आवाज एवढा की स्वयंपाकघरात मांडणीवरची ताटं किणकिणत होती. पोरं घामाघूम होऊन नाचत होती, एक जण तर खांद्यावर लेक घेऊन.

नाचण्याबद्दल तक्रार नाही. मीही गॅलरीत उभा राहून पाय हलवत होतो. पण मध्येच शब्द कानात शिरले आणि पाय थांबला. पोटासाठी मुंबईला आलेला माणूस गावी राहिलेल्या बायकोच्या आठवणीने तळमळतोय, असं ते गाणं. त्यावर नाचायचं?

दुसरी गोष्ट घरातली. माझे आजोबा, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, मुंबईत कापडगिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागांवर होते. आजी शेवटपर्यंत गावी, साताऱ्याकडच्या ढेबेवाडी खोऱ्यात. तात्या कायमचे गावी आले तेव्हा मी शाळेत होतो. चुलत्याने टेपरेकॉर्डर आणला होता. त्यावर ही छक्कड, म्हणजे हेच मैनेचं गाणं, लागली की तात्या उठायचे, खटकन बटण दाबून टेप बंद करायचे आणि ओट्यावर जाऊन तंबाखू मळत बसायचे. कुणी काही बोलायचं नाही. म्हाताऱ्याला भरून येत असेल, असं आम्ही धरून चाललो.

तर विचारायचं हे, की गाव सोडून गेलेल्यांची आणि मागे राहिलेल्यांची कुठली गाणी तुमच्या घरात होती? सिनेमातली नकोत. घरात, खोलीत, देवळात म्हटली जायची ती.

झीलकरी | ३ ऑगस्ट, रात्री १०:४०

नाचायचंच. छक्कड ही तमाशाच्या बोर्डावरची चीज आहे राव, ती डोळे मिटून आळवायची नसते. ढोलकी कडाडली पाहिजे, तुणतुणं वाजलं पाहिजे, आणि मुख्य गड्याने ओळ सोडली की मागच्या झीलकऱ्यांनी ती 'जी जी रं जी' करत उचलली पाहिजे. समोर कोण बसलेलं असायचं ते बघा. पाळी संपवून, कानात साच्यांचा खडखडाट घेऊन आलेला कामगार. त्याच्यापुढे संथ विरहगीत लावलंत तर तो पाच मिनिटांत घोरायला लागेल.

अण्णाभाऊंना हे नेमकं माहीत होतं, कारण ते दोन्हीकडचे होते. वाळवा तालुक्यातलं वाटेगाव त्यांचं गाव. लहानपणी घरच्यांबरोबर मुंबईला आले ते पायी चालत. पुढे गिरणीत काम, युनियन, आणि १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक. तमाशा घराण्यातूनच त्यांच्याकडे आलेला. पण त्यांनी तमाशाच्या सुरुवातीच्या गणातला गणपती काढून तिथे मातृभूमीला वंदन आणलं, गवळण काढून टाकली, आणि राजा-प्रधानाच्या जागी सावकार, मालक, कामगार उभे केले. पठ्ठे बापूरावांनी मुंबईची थोरवी गायली होती. अण्णाभाऊंनी मुंबईवर लावणी केली तेव्हा मलबार हिल आणि कामगारवस्ती शेजारी शेजारी ठेवली.

आणि 'मैना' बद्दल एक, जे मिरवणुकीत कळत नाही कारण तोवर डीजेवाला पुढच्या गाण्यावर गेलेला असतो. ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली आहे. पहिल्या निम्म्यात गरिबीपायी ताटातूट झालेलं जोडपं. नंतर ती ताटातूट सरळ महाराष्ट्राची होते, सीमेपलीकडे राहिलेल्या मराठी मुलखाची. ऐकणारा कामगार बायकोच्या आठवणीत गुंतलेला असतानाच त्याला मोर्चात उभं केलेलं असतं. काय कारागिरी आहे!

खवचट | ३ ऑगस्ट, रात्री १०:५२

म्हणजे मैना म्हणजे बेळगाव. अजून आलीच नाही नांदायला.

मालवणी_मसाला | ४ ऑगस्ट, सकाळी ८:०५

घाटावरच्यांचं झालं, आता आमचं ऐका.

आमच्याकडे मुंबईला गेलेला माणूस म्हणजे चाकरमानी. त्याचं मुंबईतलं घर म्हणजे गावकीची खोली. परळ, लालबाग, शिवडी, नायगाव इकडे गावोगावच्या मंडळांनी घेतलेल्या खोल्या होत्या, काही आजही आहेत. माझे वडील राहायचे त्या खोलीत पंचवीसेक जण होते. भिंतीला लागून ट्रंका, वर दोरीवर कपडे, कोपऱ्यात वळकट्या. सगळे एकदम झोपत नसत म्हणून मावत. पहिल्या पाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच्याच जागेवर आडवा. जेवण खानावळीत, आणि खानावळ चालवणारी बहुधा नवरा गेलेली, आपल्याच बाजूची बाई.

ह्या खोलीत गाणं म्हणजे भजन. पेटी, पखवाज, झांजा, चकी. पगार झाला की वर्गणी, वर्गणीतून पखवाजाला शाई. एका गावच्या मंडळासमोर दुसऱ्या गावचं मंडळ बसलं की डबलबारी. एक बुवा पेटीवर बोटं टाकून अभंग म्हणणार, गजरात समोरच्याला चिमटा काढणार, मग समोरचा त्याच चालीत उलट चिमटा. पहाटेपर्यंत. माझा बाप दिवसा खात्यात मान खाली घालून काम करणारा माणूस. पण डबलबारीत त्याचा आवाज ऐकून आईने (ती लग्नानंतर एकदाच महिनाभर मुंबईला आली होती) मला सांगितलं होतं, "ह्यो माणूस माका ठावकच नव्हतो."

आता ढेबेवाडीकरांच्या प्रश्नाकडे. भजनात गावाची, बायकोची आठवण कुठे असते? नसतेच. सगळा विठोबा आणि कृष्ण. पण रात्री दोनच्या पुढे गौळण सुरू झाली की बघावं. राधा कृष्णासाठी झुरते आहे, आणि ती झुरणी गाणारे पंचवीस बाप्ये, ज्यांच्या बायका तीनशे मैलांवर. ह्याहून उघड काय सांगायचं माणसाने?

आकडाच हवा तर २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर १००० पुरुषांमागे ११२२ बायका आहेत. इतर ठिकाणी असा आकडा आला तर मुली वाचल्या म्हणून आनंद मानतात. आमच्याकडे त्याचा अर्थ एवढाच, की बाप्ये मुंबईला आहेत.

वाचनमात्र | ४ ऑगस्ट, सकाळी ९:३०

फक्त वाचतोय. "ह्यो माणूस माका ठावकच नव्हतो" वर थांबलो होतो जरा वेळ.

अंतू_लालबाग | ४ ऑगस्ट, दुपारी १:२०

मालवणी, खोलीचं वर्णन वाचून ऑफिसात डबा तसाच उघडा राहिला.

त्यात एक पुढचा भाग जोडतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. पहिले काही महिने आमच्या खोलीत भजन जास्तच झालं म्हणे, कारण सगळे एकाच वेळी घरात. मग एकेक जण गावी जायला लागला. 'भात लावून येतो' म्हणून गेलेले परत आलेच नाहीत. संप मिटला असं कुणी कधी जाहीर केलं नाही. तो नुसता विरत गेला.

मंडळात रिवाज होता की पेटी वर्षभर ज्याच्या जिम्म्याला, तो ती सांभाळणार. त्या वर्षी पाळी माझ्या वडिलांची होती. ते गावी गेले तेव्हा पेटी बरोबर घेऊन गेले, 'संप मिटला की आणतो' म्हणून. एस.टी.च्या टपावर ठेवायला छाती होईना, म्हणून कणकवलीपर्यंत मांडीवर. ती पेटी आमच्या माजघरात चाळीस वर्षं आहे. मधल्या सप्तकातला एक सूर मेला आहे. वडील त्या पट्टीला बोट नेतच नसत, आजूबाजूने फिरून जायचे. मीही तशीच शिकलो. परवा दुसऱ्याच्या पेटीवर बसलो तर तो सूर वाजला आणि मी दचकलो.

मंडळ परत जमलं नाही. पेटी कुणाकडे मागायला कुणी आलं नाही.

वैजयंती_भोर | ४ ऑगस्ट, रात्री ११:१०

तुम्ही सगळे गेलेल्या माणसांची गाणी सांगताय. ढोलकी, पखवाज, माईक, प्रेक्षक. धाग्याच्या नावात 'मागे राहिलेल्यांची' पण आहे. कुणी त्याकडे गेलंच नाही, म्हणून लिहिते.

माझी आजी भोर तालुक्यातली. नवरा, दोन दीर, नंतर थोरला मुलगा, सगळे मुंबईला. तिचं गाणं जात्यावर. पहाटे चारला उठून दळण. समोरासमोर दोघी, बहुतेक जावा, एक हात खुंट्याला आणि एक हात वैरण, म्हणजे दाण्यांची मूठ, घालायला. बाप्ये निजलेले किंवा मुंबईला, सासू निजलेली. दिवसभरात एवढाच वेळ असा की तोंडातून निघालेलं ऐकायला फक्त जातं आणि जाऊ.

चार वर्षांपूर्वी मी फोन घेऊन तिच्यासमोर बसले, म्हटलं ओव्या म्हण, रेकॉर्ड करते. तिला एकही आठवेना. "न्हाई गं येत आता, गेल्या समद्या." वाईट वाटलं. मग ती पोह्यांचा स्टीलचा डबा जवळ ओढून झाकण लावायला लागली. झाकण बसेना, म्हणून डबा चटईवर गोल गोल फिरवायला लागली. तीनचार फेरे झाले आणि तिच्या घशातून आवाज आला. डबा फिरत राहिला आणि ओव्या येत राहिल्या, पाऊण तास. मध्ये मी पाणी दिलं, तिने हात थांबवला, की ओवी तुटली. परत डबा धरला, की तिथूनच पुढे.

दोन इथे देते. घरच्या आहेत.

ममईच्या वाटं बाई, धुराळा उडाला
माझ्या कुंकवाचा धनी, भोंग्यानं वढीला

कागुद आला बाई, वाचितो पोष्टमन
त्येच्या म्होरं कसं सांगू माझं मन

दुसरी नीट बघा. नवऱ्याचं पत्र येतं, ते वाचायचं परक्या माणसाने, आणि उत्तरही त्यालाच सांगायचं. म्हणून उत्तरात काय जायचं? 'इकडील सर्व क्षेम, म्हैस व्याली, पैसे पोचले.' बाकीचं जात्याला.

ज्यांना अजून ऐकायच्या असतील त्यांच्यासाठी, हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी पुण्यातून कितीतरी वर्षं हे काम केलं. हजाराहून जास्त गावं, एक लाखाहून जास्त ओव्या. आता 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) च्या संकेतस्थळावर त्या आवाजासकट ऐकायला मिळतात. सासर-माहेर, भाऊ, राम-सीता, बाबासाहेब, आणि गावाबाहेर गेलेला माणूस, सगळं आहे.

झीलकरी | ५ ऑगस्ट, सकाळी ७:४५

वैजयंतीताई, मान खाली घालून ऐकलं. एक जोडतो. शाहीर अमर शेख बार्शीचे. त्यांच्यावर पहिला संस्कार आईच्या, मुनेरबींच्या गाण्याचा. म्हणजे मैदानात हजारोंसमोर घुमलेल्या त्या आवाजाचं एक मूळ चुलीपाशी आहे. आम्ही शाहिरीचा वंश सांगताना होनाजी, राम जोशी, पठ्ठे बापूराव असे बापे मोजतो. आयांपर्यंत जात नाही.

खवचट | ५ ऑगस्ट, सकाळी ८:२०

आज खवचटपणा जमत नाहीये. पण एक लक्षात आलं का? आपल्याकडे कापडाची ती पण गिरणी आणि पिठाची ती पण गिरणी. पहिलीने नवरा नेला, दुसरीने ओवी. आमच्या गावात वीज आली, डिझेलचं इंजिन जाऊन मोटरवरची चक्की आली आणि बायका म्हणाल्या, सुटलो बाई एकदाच्या.

वैजयंती_भोर | ५ ऑगस्ट, सकाळी ८:४१

सुटल्याच. त्यात काही खोटं नाही. आजीचे दोन्ही खांदे कामातून गेले होते. ओवीसाठी जातं परत आणा म्हणणाऱ्यांनी आधी पायलीभर ज्वारी दळून दाखवावी, मग बोलू.

पण हेही खरं की पिठाच्या गिरणीत रांगेत डबा ठेवून कुणी ओवी म्हणत नाही. तिथे पट्ट्याचा आवाज असतो आणि गिरणीवाला असतो.

वेशीबाहेर | ५ ऑगस्ट, दुपारी ३:१५

धागा चांगला चाललाय, पण मला मधे बोलावंच लागेल.

गावाच्या आठवणीने सगळ्यांचा गळा दाटतो, ठीक. ज्यांचं गावात घर होतं, देवळात जागा होती, भजनात पेटी होती, त्यांचा दाटणारच. माझ्या पणजोबांनी गाव सोडलं तेव्हा मागे वळून पाहण्यासारखं काही नव्हतं. पाणवठा नव्हता, देऊळ नव्हतं. वेठ होती. बाबासाहेबांनी खेडी सोडा म्हणून सांगितलं ते काय उगाच? आमच्या घरात गावाच्या आठवणीचं एकही गाणं नाही. विचारून पाहिलं, नाही.

आमच्या चाळीत होती ती भीमगीतं, आणि ती मुंबईतच घडली. वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. मुंबईत आले, मिळेल ते काम केलं. कुणीतरी त्यांना एक पत्र दिलं, वाचून दाखव म्हणून. वाचता येत नव्हतं. त्याची इतकी लाज वाटली की मोठेपणी बसून अक्षरं गिरवली. त्यानंतर त्या माणसाने हजारो गाणी लिहिली. वैजयंतीताईंच्या आजीच्या ओवीत पत्र वाचणारा परका होता, आणि इकडे वाचता न येणारा माणूस शाहीर झाला. एकाच पोस्टाच्या पिशवीतली दोन पत्रं म्हणा.

आणि अण्णाभाऊ मातंग समाजातले, हेही धाग्यात आतापर्यंत कुणी लिहिलेलं नाही. त्यांनी 'मैना' लिहिली तेव्हा गावाबद्दल हळवे झाले नाहीत. मैनेसाठी झाले. गाव आणि गावातलं आपलं माणूस ह्यात फरक असतो.

झीलकरी | ५ ऑगस्ट, दुपारी ३:५०

मान्य. 'तमाशा घराण्यातून' असं गुळमुळीत मी लिहिलं. ते कुठल्या समाजाचं घराणं, हे लिहायला हवं होतं.

मालवणी_मसाला | ५ ऑगस्ट, संध्याकाळी ६:३०

वेशीबाहेर, तुमचं वाचून गावकीच्या खोलीबद्दल एक कबूल करतो. खोली 'गावाची' म्हणायचो, पण गावातले सगळे तिथे नव्हते. महारवाड्यातल्यांची खोली वेगळी होती, दोन गल्ल्या सोडून. डबलबारी त्यांच्याशी कधी झाली नाही. आजवर हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

दोनापावल | ५ ऑगस्ट, रात्री ९:०५

गोव्याहून थोडं. गावकीची खोली आमच्याकडे पण, तिला कूड म्हणतात. धोबीतलाव, माझगाव, डॉकयार्ड रोड भागात गावागावच्या कुडी. बोटीवर नोकरी शोधणारे तारवटी, खानसामे, वाजंत्री, सगळे तिथे उतरायचे. ट्रंकांची रांग आमचीही तशीच, फक्त भिंतीवर आल्तार (वेदी) आणि रोज संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. गावच्या सांताचं फेस्त (सण) मुंबईत कुडीतही व्हायचं.

मजा म्हणजे गोव्याचं म्हणून जे नाटक मिरवतो ते तियात्र गोव्यात जन्मलंच नाही. पहिलं तियात्र, लुकाझिन्हो रिबेरोंचं 'इटालियन भुरगो', १७ एप्रिल १८९२ ला मुंबईत झालं. परगावी एकत्र आलेल्यांनी ते केलं आणि मग ते गावी गेलं. मधली गाणी, कांतारां, तर कधी कधी नाटकापेक्षा जास्त गाजतात.

आणि वाजंत्र्यांचं वेगळंच. चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकलेली ही माणसं मुंबईत हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात बसली. व्हायोलिन, ट्रंपेट, सॅक्सोफोन. विरहाच्या कितीतरी गाण्यांत मागे रडणारं व्हायोलिन गोंयकाराचं आहे. कूडवाल्या माणसाचा स्वतःचा विरह, पण रडते पडद्यावरची नायिका. मिस्त्री वाडा बांधतो, राहतो दुसराच, तसं.

आमचं निरोपाचं खास गाणं विचाराल तर मांडो. तोर्क्वातो द फिगेरेदोंचा 'आदेवस' लग्नाच्या शेवटी आजही लागतो. घुमट (मातीचं तालवाद्य) आणि व्हायोलिन. लागला की बाटल्या ठेवून सगळे उठतात, आणि ज्याचा मुलगा बोटीवर किंवा आखातात आहे ती बाई कोणती, हे न सांगता कळतं.

भटक्या_संजू | ५ ऑगस्ट, रात्री ११:३०

कामानिमित्त सात महिने मॉरिशसला होतो. तिथले मराठी लोक म्हणजे उसाच्या मळ्यांवर मजुरीला नेलेल्या कोकणातल्या माणसांची पुढची पिढी. घरात बोलणं क्रेओल. मी मराठीत बोललो तर अर्धं कळत होतं, अर्धं हसून नेत होते. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. विसर्जनाला नदीवर गेलो तर बाप्यांनी गोल धरला, पायात घुंगरू, मधे ढोल. झाकरी म्हणाले ते. अहो, आपली जाखडी! रत्नागिरीकडे बाल्या नाच म्हणतात तीच. शेजारच्या मुलाला विचारलं, ह्या ओळीचा अर्थ काय रे? म्हणाला, अर्थ माहीत नाही, पण इथे पाय बदलायचा.

ढेबेवाडीकर | ६ ऑगस्ट, रात्री ८:५०

तीन दिवस गप्प होतो कारण आत्याला फोन करायचा होता, आणि करवत नव्हता. आज केला. ती ७८ वर्षांची आहे, कान जरा कमी, बाकी खणखणीत.

म्हटलं, आत्या, तात्या ते मैनेचं गाणं लागलं की टेप बंद करायचे, आठवतं? म्हणाली, आठवतंय की. म्हटलं, त्यांना फार लागायचं ना ते? तर हसायलाच लागली.

तिचं बोलणं जमेल तसं देतो. "त्येला कसलं लागतंय! आई चुलीम्होरं असायची. गानं लागलं की आतनं म्हनायची, 'राहिली म्हनं! राहिली का ठिवली?' एकदा न्हाई, दर टायमाला. पावनंरावळं असले तरी. म्हनून तात्या बंद करायचा. तिला उत्तर काय देनार?"

मी काही वेळ बोललोच नाही. तिला वाटलं फोन कट झाला.

मग वैजयंतीताईंचं डोक्यात होतं म्हणून विचारलं, आजी ओव्या म्हणायची का? "म्हनायची तर! सगळ्या आळीत तिच्यासारखा गळा नव्हता. पर तात्या जत्रंला आठ दिस यायचा तवा न्हाई. तवा जातं नुसतंच फिरायचं." का? "आता ज्येच्यावर म्हनायची त्योच उशाला निजलेला, म्हनती कशी?"

म्हणजे तात्यांनी आजीचा गळा ऐकलाच नाही. एकतीस वर्षं गिरणी, वर्षाला ते आठ दिवस. आणि कायमचे घरी आले तेव्हा गावात चक्की सुरू होऊन बरीच वर्षं झाली होती. जातं गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेलं मलाही आठवतं, आम्ही त्यावर चढून पेरू काढायचो.

वैजयंती_भोर | ६ ऑगस्ट, रात्री ९:१२

"राहिली का ठिवली." अण्णाभाऊंच्या छक्कडीला एवढं नेमकं उत्तर मी कुठे वाचलेलं नाही.

खवचट | ६ ऑगस्ट, रात्री ९:२०

ढेबेवाडीकर, आत्याला सांगा, ती झील आहे. समोरच्याने ओळ सोडली आणि आजीने चुलीपासून उचलली.

वेशीबाहेर | ६ ऑगस्ट, रात्री ९:५५

आत्यांना अजून विचारा. आजीच्या ओव्यांतली एखादी तरी त्यांना येत असेल. ७८ म्हणजे जात्यासमोर दुसऱ्या बाजूला त्याच बसलेल्या असणार.

ढेबेवाडीकर | ६ ऑगस्ट, रात्री १०:१०

विचारलं. "न्हाई येत" म्हणाली. रविवारी जातोय. पोह्याचा डबा बरोबर घेतो.

मालवणी_मसाला | ६ ऑगस्ट, रात्री १०:३०

रिकामा नेऊ नका, ओझं हवं. आणि अंतू, तुमच्या पेटीचं बघू या. मेलेला सूर म्हणजे बहुतेक रीडखाली कचरा. कुडाळात एक जण घरी येऊन करतो, पाच-दहा मिनिटांचं काम.

अंतू_लालबाग | ६ ऑगस्ट, रात्री ११:०५

करून घेतो, पण चतुर्थी झाल्यावर. आता वाडीतली पोरं रोज रात्री घेऊन बसतात, आरत्यांची तालीम चालू आहे. त्यातला एक तर पुण्याहून येऊन-जाऊन असतो. तोही तो सूर सोडूनच वाजवतो.